साल न छापलेली पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, निवडणुकीत अंगणात रोवतात ती. अंग प्लॅस्टिकचं, पाय तारेचे आणि पोटावर पांढऱ्या अक्षरांत नाव : मार्गिट स्टेनरूड, काँग्रेससाठी. काँग्रेस म्हणजे वॉशिंग्टनची संसद. आमच्या आयोवातल्या मक्याच्या मुलखातून दर दोन वर्षांनी तिथे एक माणूस निवडून जातो. मार्गिटला जायचं होतं.

माझ्यावर साल छापलेलं नाही. छापखान्यात विचारलं तेव्हा मार्गिट म्हणाली, "नको. हरले तर पुढच्या खेपेला वापरता येतील."

छापणारा हसला. "बाई, अजून उभ्या नाही राहिलात आणि हरायची तयारी?"

"तयारी नाही हो, काटकसर."

आणि हरलीच की! चांगली सपाटून. मग दोन वर्षं आम्ही सगळ्या पाट्या तिच्या कोठारात पडून. माझ्या अंगावर एक मांजर व्यायली. चार पिल्लं. जिथे राहत होती तिथेच व्यायली, कुठे लांब जावं लागलं नाही तिला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मला ब्रिन घेऊन गेली. ब्रिन म्हणजे टेसडालांची सून. आठवा महिना, चालताना एक हात कमरेवर. स्वतः वाकून तिने माझे पाय मातीत दाबले. मला धाकधूक, हिला काही होईल म्हणून.

गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला होता. मार्गिटने तिथे बावीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. वॉशिंग्टनने छोट्या दवाखान्यांना पैसा द्यावा आणि असे विभाग चालू ठेवावेत, हे तिचं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं पाण्याचं. शेतातलं खत नदीत उतरतं, विहिरीत उतरतं, त्या पाण्यात तान्ह्याचं दूध कालवायची भीती वाटते. तर कोण किती खत टाकतो त्याचं मोजमाप व्हावं.

पहिल्या म्हणण्यासाठी ब्रिनने मला आणलं. दुसऱ्यामुळे तिचे सासरे वर्लिन संतापले. जन्मभर शेती केलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या शेजारी समोरच्या उमेदवाराची लाल पाटी ठोकली. तो गेली बारा वर्षं निवडून येत होता.

"वर्लिन, जरा लांब लावा ना," ब्रिन म्हणाली. "माझी झाकली जाते."

"अंगण माझं आहे, पोरी."

"गवत मी कापते."

संध्याकाळी वर्लिननी लाल पाटी हातभर सरकवली.

माणसांची मला फार गंमत वाटते. एका टेबलावर जेवतात, बटाट्याचं भांडं एकमेकांकडे सरकवतात, पण मनातलं बोलायला त्यांना अंगणात पाट्या लागतात.

एकदा मार्गिटच्या प्रचाराच्या एक बाई आल्या. हातात यादी. दार वर्लिननी उघडलं.

"ब्रिन आहे का?"

"झोपलीय. काय काम आहे?"

"नाही, काही नाही. यादीत तिचंच नाव आहे," असं म्हणून बाई वळल्या आणि निघाल्यासुद्धा.

यांची रीतच तशी. जे विरोधात जाणार ते यादीत नसतात. कोण त्यांच्यावर वेळ घालवणार? पण वर्लिन पायरीवर उभेच राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चाळीस वर्षं मत देतोय. या येत नाहीत, कारण मी यांचा नाही. ते येत नाहीत, कारण मी त्यांचाच आहे. म्हणजे मला विचारायचं कुणी?"

मला वाटलं, आता उपटतात मला. नाही उपटलं.

ब्रिनने हे फोनवर कळवलं असणार. शनिवारी मार्गिट स्वतः आली. बुटांना चिखल, हातात तीच यादी.

"मिस्टर टेसडाल, तुम्हाला भेटायला आलेय."

"मी यादीत नाही."

मार्गिटने पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी त्यांचं नाव लिहिलं. "आता आहात. विचारा."

"माझ्या शेतात किती खत पडतं, ते तुम्ही मोजणार?"

"हो."

"मग मत मिळायचं नाही."

"बरं. पण खोटं बोलून मत नको मला. आणि सुनेची गाडी तेल भरून तयार ठेवा. बाळंतपणाचा दवाखाना आता पासष्ट मैलांवर आहे."

"ते मला कळतं," वर्लिन गुरगुरले. पण तिला कॉफी दिली, उभ्या उभ्याच.

ऑक्टोबरात मक्याची कापणी ऐन भरात आली. ब्रिनचा नवरा लांबच्या शेतात यंत्रावर होता. सकाळी नऊला ब्रिन दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वर्लिन, आत्ता." त्यांनी तिला ट्रकमध्ये बसवलं. ट्रक असा सुटला की आम्ही दोन्ही पाट्या थरथरलो. त्या दिवशी मला लाल पाटीचा राग नव्हता. दोघी रस्त्याकडे बघत होतो.

वर्लिन दुपारी एकटेच परतले. बादली आणली, ब्रश आणला आणि माझ्यासमोर ट्रकची सीट घासायला बसले. पाणी लाल, मग गुलाबी. किती वेळ घासत होते! शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा तोंड उघडलं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"दवाखान्यात पोचलात ना वेळेवर?"

"वीस मैल कमी पडले. धान्याच्या कोठीसमोर, वजनकाट्याशेजारी. तातडीच्या मदतीच्या फोनवरची बाई सांगत होती, मी करत होतो." त्यांनी ब्रश बादलीत टाकला. "हे हात गाईंची बाळंतपणं केलेले. पण सून आहे हो ती."

ब्रश पुन्हा उचलून ते सीट घासायला लागले. मला कोठारातली ती मांजर आठवली.

मतदानाला वर्लिन, ब्रिन आणि तिचा नवरा मिळून गेले, बाळाला टोपडं घालून. चर्चच्या तळघरात पडद्याआड वर्लिननी कुठे खूण केली, ते मला अजून कळलेलं नाही. कळावं असं फार वाटतं.

मार्गिट हरली. या खेपेला अकराशे चाळीस मतांनी.

दुसऱ्या दिवशी वर्लिननी दोन्ही पाट्या उपटल्या. लाल पाटी ट्रकखाली तेल गळतं तिथे पसरली. मला पुसलं आणि गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे नीट उभं केलं. ब्रिन बाळाला खांद्यावर थोपटत बघत होती.

"वर्लिन, खरं सांगा. कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं, पोरी."

"मग ही का ठेवताय?"

"साल कुठे छापलंय तिच्यावर? चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?"

आता मी इथेच आहे. माझ्यापुढे बाबागाडी लावतात, ती बाहेर गेली की मला उजेड दिसतो. विभाग अजून बंदच आहे आणि पासष्ट मैल पासष्टच आहेत. दोन वर्षांनी बाळ धावत असेल, तेव्हा मला पुन्हा मातीत पाय रोवायचे आहेत.

तोवर एकच मागणं. दारोदार जाल तेव्हा दार उघडणाऱ्याशीही बोला. यादीत त्याचं नाव नसेल, तर तळाशी लिहून घ्या. पेन असतंच की हातात.