देवदूतांचा वाटा

माझा नवरा मुकुंद बारा वर्षं स्कॉटलंडमधल्या एका व्हिस्कीच्या डिस्टिलरीत, पिंपात मुरत होता. जहाजाच्या सहलीत ती डिस्टिलरी आहे हे कळल्यावर मी थोरल्या दिरांना आग्रह करकरून सोबत आणलं.

मुकुंद जन्मात दारूला शिवला नव्हता. घाटात अपघात झाला तेव्हा गाडी भाऊजी चालवत होते, प्यालेलेही तेच होते. पोलिसांना मात्र म्हणाले, "मुकुंदा टाइट होता. स्टीअरिंग त्याच्याच हातात." मेलेला माणूस उलटून काय बोलणार? तेव्हापासून मी भाऊजींना हसतमुखानं चहा देत आले.

बंदरावरून आम्ही जुन्या गावात शिरलो. भाऊजी पुढे सरकले की त्यांच्यामागची दगडी गल्ली बुजायची. किल्ला झाला, चर्च झालं. त्यांनी वळून पाहिलं तर नुसती भिंत.

"रोहिणी, परत कसं जायचं?"

"पुढूनच."

डिस्टिलरीतली मॉराग नावाची बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "दरवर्षी पिंपातली थोडी व्हिस्की उडून जाते. तो देवदूतांचा वाटा. या पिंपातली मात्र थेंबभरही उडाली नाही." तिनं त्या पिंपातून भाऊजींचा ग्लास भरला. भाऊजींनी सवयीप्रमाणे बोट बुडवून, गेलेल्यांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर उडवले.

"बोलावलंत त्यांना," मॉराग म्हणाली.

भाऊजींचं बोट लाकडाचं झालं. मग दंड, मग बरगड्यांच्या फळ्या. पोटाभोवती पिंपाला असते तशी लोखंडी पट्टी बसली.

"खरं सांगा, थांबेल," मी म्हटलं. "या सगळ्यांसमोर."

जहाजावरचे प्रवासी भोवती उभे होते. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "मुकुंदाच प्याला होता." सुंभ जळला तरी पीळ जाईना. दुसरी पट्टी आवळली. मला फार बरं वाटलं.

शेवटी तोंडाच्या जागी एक गोल भोक तेवढं उरलं. आतून घुमत आवाज आला, "गाडी मी चालवत होतो. मीच प्यालो होतो."

मॉरागनं माझ्या हातात बूच आणि लाकडी हातोडा दिला.

तेवढ्यात, ज्यातून ग्लास भरला होता त्याच पिंपाचं झाकण उचलून मुकुंद बाहेर आला, नखशिखांत भिजलेला. "रोहिणी, मी घेतली नव्हती गं," तो म्हणाला, आणि सगळ्या दालनात व्हिस्कीचा वास पसरला. प्रवाशांनी नाकाला रुमाल लावले. "प्यायलाय वाटतं," कुणीतरी पुटपुटलं. एकेक जण मागे सरकला.

पिंपाच्या भोकातून भाऊजी हसायला लागले. मी बूच ठोकलं. ते आत हसतच राहिले, आणि मुकुंद तोल जाऊन माझ्या अंगावर रेलला.