फोटोची झाकलेली कड

मित्रांनो, मी एक जुना, पिवळट पडलेला फोटो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हैडा आदिवासींच्या वस्तीत माझा जन्म झाला. शेजारच्या लाकूड गिरणीच्या डॉक्टरला फोटोचा नाद होता. देवदाराचं अख्खं खोड कोरून केलेल्या होडीत पाणी भरलं होतं, त्यात तापलेले दगड सोडले होते आणि वाफेनं मऊ झालेल्या तिच्या कडा फाकवायचं काम चाललं होतं. डॉक्टरनं नेमका तोच क्षण टिपला.

पुढे मी गिरणीच्या कचेरीत भिंतीवर लागलो. साहेबांना फक्त होडी आणि कारागीर हवा होता, बाकीची गर्दी नको! म्हणून चौकटीत बसवताना माझ्या उजव्या कडेवर पुठ्ठा आला. पाहुणे मला बघून "वा!" म्हणत आणि लगेच घड्याळाकडे बघत. करवतींची घरघर ऐकत मी कितीतरी वर्षं काढली. गिरणी बंद पडली, तेव्हा मला वस्तीच्या सभागृहात आणून टांगलं.

तोवर होडी कोरणारं कुणी उरलं नव्हतं. सिरिल नावाच्या तरुणानं मात्र मनावर घेतलं. मला बघून बघून त्यानं होडी कोरली, पाणी भरलं, दगड टाकले. कडा फाकवताना ती टोकापासून मध्यापर्यंत तडकली. तो माझ्यासमोर बसून रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक मला कळत होती, पण सांगणार कशी?

त्यानं दुसरी होडी कोरली. तेवढं जाड आणखी एकही झाड आता आसपास उभं नव्हतं. गिरणीनं ठेवलंच नव्हतं. हीही तडकली तर संपलं. सिरिल पाणी भरायला धजेना. तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या अडेलीन आत्यानं मला भिंतीवरून उतरवलं आणि चौकट उचकटायला घेतली.

"आत्ये, काच फुटेल!"

"फुटू दे. आई सांगायची, होडी फाकवायला अख्खी वस्ती लागते. या फोटोत हा एकटाच. बाकीचे काय मासे मारायला गेले होते?"

पुठ्ठा निघाला. माझ्या उजव्या कडेला चार बायका होडीवर सालीच्या चटया पांघरत होत्या.

"शिंपल्या वाफवताना झाकण ठेवतोस ना रे? मग होडीला का नाही ठेवलंस, शहाण्या?"

सिरिलनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या सकाळी बायकांनी ताडपत्र्या आणि घोंगड्या आणल्या. वाफ आत कोंडली. लाकूड कुरकुरलं आणि कडा सावकाश, कुठंही न तडकता उघडल्या. आरडाओरडा करत सगळे होडीभोवती जमले.

मित्रांनो, फोटोची कड झाकू नका, कापू तर नकाच. आणि पाठीवर माणसांची नावं लिहा. माझी पाठ तोवर कोरीच होती.

अडेलीन आत्या होडीकडे गेलीच नाही. मला मांडीवर घेऊन ती चटई धरलेल्या एका बाईकडे बघत बसली होती.

"सिरिल, पेन आण," ती म्हणाली. "ही माझी आई. एवढी तरुण मी तिला कधी बघितलीच नव्हती."