पावणं कुणाला बघाया आलं

टोमॅटोच्या सरीत शेजारची झुंबरबाई आईच्या, शीलाच्या कानाला लागली, तशी हर्षालीची तोडणी थांबली. ती क्रेट घेऊन जवळ गेली, तर दोघी एकदम गप.

"काय बोलत व्हत्या गं आये?"

"काय न्हाई. तू आपली तोड."

झुंबरबाई पदराआड हसली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे हर्षालीनं तेव्हाच ताडलं.

बाप आळेफाट्याला ट्रकखाली गेल्यापासून मायलेकी महाळुंगे पडवळला संपतमामाच्या वस्तीवर राहत. मामाची मेंढरं, मामाचं घर. आई दुसऱ्यांच्या रानात राबायची.

रविवारी शीलानं लेकीला न्हाऊ घातलं, तेल चोपडून वेण्या घातल्या, ठेवणीतला फ्रॉक काढला. मामीनं पोह्यांना फोडणी दिली.

"कोन येनार हाय?"

"पावणं."

हर्षालीला आठवलं. वर्गातल्या वृषालीच्या ताईला अशीच नटवून बसवली होती. नववीतच पोर सासरी गेली. आपण तर अजून पाचवीत! आईनं असं करावं? ती गुपचूप मेंढरांच्या वाड्यात गेली अन् तिथला ओला मूत-चिखल फ्रॉकभर फासला. वेण्या उसकटल्या. म्हणलं, बघू आता कोण पसंत करतंय.

पावणं आलं डिंगोऱ्याहून. सोमाजी, चाळिशीचा, पिकप गाडीवाला, सोबत म्हातारा चुलता. हर्षाली तशीच दारात उभी राहिली. मामी कपाळाला हात लावून आत पळाली. पण सोमाजीनं पोरीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो बघत होता शीलाकडं.

"बाई कामाला वाघ हाय," झुंबरबाई म्हणाली. "पाट लावला, हिच्याशी दुसरं लगीन केलं तर तुमच्या घराचं सोनं व्हईल."

हर्षालीला आधी उमगलंच नाही. पावणं तिला नाही, आईलाच बघाया आलं होतं.

सोमाजीनं बशी खाली ठेवली. "माझी दोन पोरं हायेत. त्यास्नी आई पायजे. पर ही पोर हितंच ऱ्हाऊ द्या, मामापाशी. सपष्ट बोललेलं बरं."

"पोर मला जड न्हाई," मामा जमिनीकडं बघत बोलला.

सगळे शीलाकडं बघू लागले. हर्षालीही. आता न्हाई म्हणंल, आता म्हणंल... शीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"इचार करून सांगते," ती म्हणाली.

पावणं गेल्यावर शीलानं लेकीला हौदापाशी नेली अन् अंगावरचा चिखल घासून काढू लागली.

"मी कुटं जात न्हाई, बग. सकाळीच मामाला फोन लावाया सांगते."

"मग तवाच का न्हाई म्हन्ली?"

शीलाचा हात थांबला. पाणी निथळत राहिलं.

"दमलीया गं मी," ती हळूच म्हणाली. "लई दमलीया. घडीभर वाटलं, आपलं बी एक दार आसावं."

 आईला असंही काही वाटत असेल, हे हर्षालीला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामानं खरंच नकाराचा फोन केला. सोमाजीनं पुढं नारायणगावची बायको केली. शीला कुठंच गेली नाही.

पण अजूनही मधल्या सुट्टीत पोरी डबे उघडून बसल्या, की हर्षाली आधी शाळेच्या कुंपणापाशी जाते. तिथून पलीकडचं रान दिसतं. वाकलेल्या बायांत आईच्या डोईचं लाल फडकं हुडकते. ते दिसलं, की मगच येऊन डबा उघडते.