नवरदेवाच्या मामांनी घोड्याजवळ यावं

जोतिराम अण्णांनी मला हसत निरोप दिला, तिथंच मला संशय आला.

होटगीत त्यांचा वरातीचा बँड. मी त्यात गायक. गायक बँड सोडून एकट्यानं स्वतःचं गाणं काढणार म्हटल्यावर मालकानं चार शिव्या द्याव्यात. माझ्या आधीच्याला तर त्यांनी झांज फेकून मारली होती. मला मात्र शाल-नारळ. "जा अतीक, नाव काढ लेका!" घरी येऊन मी नारळ फोडून बघितला. आत खोबरं होतं. फक्त खोबरं.

अण्णांना माझी चाल हवी असणार, दुसरं काय? बँडवाल्यांचे कान वाईट. सकाळी गुणगुणलेलं संध्याकाळी क्लॅरिनेटवर वाजतं, आणि मग ते कुणाचंच राहत नाही. म्हणून मी घरात हेल्मेट घालून रियाज केला.

"हेल्मेट डालके कायकू गा रा रे?" अम्मी म्हणाली. "घर में ट्रक आरा क्या?"

मग वळसंगच्या माळावर गेलो. तिथं मायाप्पाच्या शेळ्या चरत होत्या. मायाप्पा म्हणजे आमच्या बँडचा ढोलवाला. शेळ्या एकटक बघत होत्या. मी शब्द बदलून गायलो.

शेवटी सोलापुरात प्रियंकाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. पहिलं कडवं, मधला नुसता वाजवायचा तुकडा, दुसरं कडवं. झकास. ऐकायला बसलो, तर मधल्या तुकड्यात कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब घोड्याजवळ यावं!"

"हे कुणी घातलं?" मी प्रियंकाकडं रोखून बघितलं. "अण्णांनी पाठवलंय ना तुला?"

"कोण अण्णा? आवाज तुझाच आहे. मला वाटलं, गाण्यातच आहे."

परत गायलो. या वेळी त्याच जागी, "लाल गाडीवाल्यांनी गाडी काढावी, वरात अडली आहे!"

गाणं माझं, आणि त्यात लग्न भलत्याचंच. हे असं बाहेर गेलं तर मी जन्मभर बँडवालाच. अण्णांना फोन लावला.

"अण्णा, तुमी माझं तोंड बिघडवून ठेवलंय! कुणी बँड सोडून जाऊ नये म्हणून!"

"न्हाय रं. तुकडा आला की गायकानं वरात हाकायची, ही बँडची रीतच हाय की. इतकी वरसं तेच केलंस, आता तोंड मिटतंय व्हय? मिटू नगंस. तुला काय सांगायचंय त्ये सांग."

"मला काय सांगायचंय?"

"मला काय इचारतूस? गाणं माझं हाय का?"

तिसऱ्यांदा उभा राहिलो. तुकडा आला, तोंड आपोआप उघडलं. "हे गाणं अतीकचं आहे. लिहिलं त्यानं, चाल त्याची. नाचायचं त्यांनी नाचावं." जिल्ह्यातल्या सगळ्या मामांना मी माइकवरून हाका मारल्या होत्या. स्वतःचं नाव पहिल्यांदाच घेतलं.

तेवढ्यात खिशातून ठेका ऐकू आला. फोन चालूच होता! पलीकडं मायाप्पा ढोलावर बोटं वाजवत होता. म्हणजे चोरी सुरू झाली होती. मी शहाणपणा करून दुसरं कडवं मुद्दाम चुकीचं गायलो.

प्रियंका म्हणाली, हेच सगळ्यात खरं आलंय. तेच बाहेर गेलं. आता लोक ते चुकीचं कडवं तोंडपाठ म्हणतात.

अण्णांचा बँडही वरातीत तेच वाजवतो. मधल्या तुकड्यात नवा गायक मोठ्यानं सांगतो, "हे गाणं अतीकचं आहे!" दर वेळी सांगतो.

कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. लक्ष ठेवून आहे.