माळकरी घरातली अंडी

माझ्या सासूबाई मनकर्णाबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि त्या माळेचा धाक आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटपर्यंत. पाचोडहून आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी फ्रीज उघडून बघायच्या. माझ्या वाढदिवसाचा केक कापायच्या आधी त्यांनी बेकरीवाल्याला फोन लावायला लावला, यात अंडं नाही ना म्हणून. मला त्याचा राग नव्हता. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल नाही, म्हणजे दोष माझा, हे ठरूनच गेलेलं. काढे मी प्यायचे, उपास मी करायचे, सुया मी टोचून घ्यायच्या. नवरा सुदर्शन कंपनीतून यायचा आणि मला काय धाड भरलीय म्हणून टीव्ही लावायचा. शेवटी सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, फोनवरून निकाल दिला. ही शेवटची तपासणी. सुनेत दोष निघाला तर तिला माहेरी पोचवायची आणि सुदर्शनचं दुसरं बघायचं. फोन स्पीकरवर आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

म्हणून आम्ही तिघं औरंगपुऱ्यात डॉक्टर गजालांच्या दवाखान्यात बसलो होतो.

डॉक्टरांनी माझे सोनोग्राफीचे रिपोर्ट चाळले आणि सासूबाईंकडे बघून हसल्या. "अम्मा, अंडी एकदम मस्त आहेत हिची. दर महिन्याला एक, बरोबर टायमावर."

सासूबाईंचा हात माळेवर गेला. "दर महिन्याला?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "आमच्या घरात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुदर्शनच बोलून बसला. "आई, घरात नाय. मी नुसती बुर्जी खातो. कंपनीच्या गेटावर."

डॉक्टरांना काही कळेना. मला हसू दाबता येईना. नवरा असा आपल्या पायानं चालत जाऊन सापडताना बघायचं सुख फार थोड्या बायकांच्या नशिबी असतं.

मग डॉक्टरांनी कागद घेऊन चित्र काढलं. मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन अंडाशयं. ही अंडी कोंबडीची नव्हेत, खसखशीच्या दाण्याहून बारीक, आणि ती प्रत्येक बाईत असतात. तुमच्यातही होती, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर चुलीपाशी येऊ दिलं नाही ते पोटातच निघालं.

डॉक्टर थांबल्या नाहीत. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी अंडी तयार होतात, म्हणाल्या, नंतर नवं काही बनत नाही. "ज्या अंड्यातून हे साहेब झाले ना अम्मा, ते तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होता तेव्हाच बनलेलं."

सासूबाईंची आई त्या रांगत्या असतानाच गेलेली. तिचा फोटोसुद्धा नाही.

"मंजी माझ्या मायनं नातू पोटात वागवला," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. एवढ्या रागातही मला भरून आलं.

नाक पुसून त्यांनी विचारलं, गडीमाणसाचंही असंच का. डॉक्टर म्हणाल्या, नाही. वयात आल्यापासून पुरुषाचे शुक्रजंतू रोज नवे बनतात. तंबाखूनं, तापानं, सतत उष्णतेत राहून ते बिघडतात, म्हणून तपासावे लागतात. सुदर्शन कंपनीत भट्टीवरच असतो. गाडी नीट लावली नाही म्हणत तो उठायला लागला.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "तिचं जलमाच्या आधीचं, ते चार वर्सं तपासलं. तुझं तर रोजचं ताजं. मग भ्यायचं काय?"

काही दिवसांनी त्याला डबी देऊन आतल्या खोलीत पाठवलं. सासूबाई बाहेर बाकावर बसून, एवढा का वेळ लागतोय, असं नर्सला विचारत राहिल्या. नर्स बिचारी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू कमी, आणि आहेत तेही सुस्त. गोळ्या सुरू करू, तंबाखू बंद, भट्टीवरून बदली मागा, मग परत बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूल होईलच, असं मात्र त्यांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

संध्याकाळी तात्यासाहेबांचा फोन आला. सुदर्शन बाथरूममध्ये जाऊन बसला. सूनबाईत काय निघालं, एवढंच तात्यासाहेबांनी विचारलं. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. सासूबाई खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, पण गप्प बसतील अशी भीती होती. आणि माझा संसार मोडायला तेवढंही पुरलं असतं.

"सूनबाईत काय नाय," त्या म्हणाल्या. "दोष आपल्यात हाय."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि बाथरूमचं दार वाजवून पोराला जेवायला बोलावलं. मी कणकेत हात तसेच ठेवून रडत राहिले.