दोन म्हटल्याशिवाय मशीन नाही

मी दोर बोलतोय. साधासुधा नाही, गिर्यारोहणाचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण सध्या माझ्या अंगावर एक पायजमा आणि एक चादर वाळते आहे आणि बघणाऱ्याचा गैरसमज होतो.

कारखान्यात आम्हाला एकच गोष्ट शिकवतात. माणूस कड्यावरून पडला की आपण ताणलं जायचं, म्हणजे त्याला हिसका बसत नाही. थोडक्यात, कोणीतरी पडावं म्हणूनच मी जन्मलो. पण माझे पहिले मालक कधी पडलेच नाहीत. पडायला आधी चढावं लागतं.

ते कचेरीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर टाकून टेकडीच्या पायथ्याशी फोटो काढायचे आणि घरी आल्यावर मला दिवाणखान्यातल्या खुंटीला टांगायचे. पाहुणे आले की हा दोर किती ताणतो, यावर त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. समोरचा चहा निवायचा, व्याख्यान काही निवायचं नाही. शेवटी त्यांच्या बायकोने भिंतीला रंग द्यायचं निमित्त काढलं आणि मला आपल्या धाकट्या भावाच्या गळ्यात मारलं.

या भावाचा धंदा झाडांवर चढून फांद्या उतरवण्याचा. तारांवर झुकलेल्या, छपरांवर रेललेल्या, वाळून लोंबणाऱ्या. तोवर तो कमरेला काथ्याचा दोर बांधून चढायचा. खाली उभं राहून सामान वर पाठवायचं आणि फांद्या सावकाश उतरवून घ्यायच्या, हे काम त्याच्या बायकोचं. मला नको म्हणायची सोय नव्हती, कारण मी दाजींकडून आलो होतो.

पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. त्याने मला खालूनच उंच फांदीवरून पलीकडे टाकलं, दाजींनी माझ्यासोबत पाठवलेला चढाईचा कमरपट्टा घातला आणि स्वतःला वर ओढायला लागला. तो ओढतोय, मी ताणतोय, आणि त्याचे पाय आपले जमिनीवरच. घामाघूम होऊन वर पोचला, तर जरा हललं की खालीवर व्हायचा. करवत एकीकडे, फांदी दुसरीकडे. तो पट्टाही कड्यावर घटकाभर लोंबकळायला शिवलेला. त्यात बसून बसून गड्याच्या मांड्या बधिर झाल्या. खाली उतरल्यावर तो फेंगडा चालत आला तेव्हा बायकोने विचारलं, "दाजींनी दोर दिलाय की पाळणा?"

मग सुधारणा झाल्या. झाडकामाचा खास पांढरा दोर आला. जाडजूड, मख्ख, कितीही ओढा, ताणायचं नाव नाही. पट्टा रुंद झाला, दोन्ही कुशींना कड्या बसल्या. आणि माझे सरळ दोन तुकडे केले. आखूड तुकडा खोडाभोवती फिरवून त्या कड्यांत अडकवायचा, म्हणजे त्याचे हात मोकळे राहतात. लांब तुकड्याने खालून मशीन वर पाठवायचं. मशीन म्हणजे साखळीची करवत. डोंगरकड्यांसाठी जन्मलेला मी हमाल झालो.

या कामात खरी भीती असते ती स्वतःच्या मशीनने स्वतःचाच दोर कापण्याची. म्हणून बायकोने एक नियम घातला होता. मशीन सोडण्याआधी ती खालून विचारायची, "दोन?" म्हणजे पांढरा आणि मी, दोघेही अडकवलेत ना. वरून "दोन" आलं की मगच मशीन. दिवसभर त्यांचं तेवढंच बोलणं चालायचं, आणि तेवढ्यावर संसार बरा चालला होता.

एकदा दाजींकडे जेवताना याला विनोद सुचला. म्हणाला, "ही मला झाडावर बेचा पाढा म्हणायला लावते. तोही पहिल्याच ओळीवर अडलेला." सगळे हसले. दाजी तर ठसका लागेपर्यंत हसले. ती हसली नाही. तिच्या जिवाला लागलेला घोर त्याने चारचौघांत हसण्यावारी नेला होता. त्या जेवणापासून अबोला.

पुढचं काम एका घरावर झुकलेल्या जुनाट झाडाचं होतं. दाजी मुद्दाम बघायला आले, म्हणजे सल्ले द्यायला. तिने मुकाट्याने मशीन माझ्या लांब तुकड्याला बांधलं. त्याने वरून ओढलं. मशीन जागचं हलेना. त्याने पुन्हा ओढलं. दाजी म्हणाले, कुठेतरी गाठ अडकली असेल. गाठ कुठली, ती माझ्यावर पाय देऊन उभी होती.

विचारायचं नाही, पण सोडायचंही नाही. वरचा माझा आखूड तुकडा तेव्हा एका कडीतून नुसताच लोंबत होता. त्याने खाली तिचा पाय पाहिला, मग तिचं तोंड, मग स्वतःची कंबर. गडी मानी. "दोन" काही म्हणाला नाही. मला खोडाभोवती फिरवलं आणि हूक खट्टकन, खाली ऐकू जाईल असा लावला. तिने पाय उचलला.

फांदी तुटताना पिळली आणि मशीन उसळलं. पांढऱ्या दोराला साखळी लागली आणि तो मख्खपणेच तुटला. गडी निसटला. आणि मी ताणलो. अहो, अखेर ताणलो! पडणं ते केवढं, जेमतेम हातभर. पण हिसका बसू दिला नाही मी त्याला. मशीन बंद पडून पट्ट्याला लोंबत राहिलं.

खालून तिचा चिरका आवाज आला, "दोन?"

तो खोडाला मिठी मारून होता. दम खाऊन म्हणाला, "एक."

ती तिथेच भुशात बसली आणि मोठ्याने रडली. मग डोळे पुसून तिने माझ्या लांब तुकड्याला दुसरा पांढरा दोर बांधला आणि वर पाठवला. या वेळी तिने विचारायच्या आतच वरून आलं, "दोन."

माणूस झेललेला दोर पुन्हा माणसासाठी वापरायचा नाही, असं दाजींनी सांगितलं. दुर्दैवाने ते बरोबर होतं. ताणण्याबद्दलही ते बरोबरच निघाले, आणि त्यांच्या व्याख्यानात आता एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. हे सोडलं तर माझी काही तक्रार नाही. तिने माझे दोन्ही तुकडे गाठ मारून जोडले आणि मागच्या अंगणात मला वाळवणीचा दोर केलं.

तुमच्याही खाली उभं राहून कोणी रोज तेच तेच विचारत असेल, तर खुशाल वैतागा, पण उत्तर द्या. एवढंच मागणं आहे. बाकी माझं बरं चाललंय. ती सकाळी कपडे घेऊन येते आणि प्रत्येक कपड्याला चिमटे लावते. त्याच्या एवढ्याशा रुमालालाही दोन.