जास्त भाराचे टायर

"नक्षी बघितली तर टायर नवेच वाटतात," गॅरेजवाला योप म्हणाला. त्यानं टायरच्या कडेवर अंगठा दाबून रबर किंचित वाकवलं, तशा केसाएवढ्या चिरा उघडल्या. "पण हे बघा. हे पळून झिजलेले नाहीत. उभ्या उभ्या म्हातारे झालेत."

श्रीकांत कॅराव्हॅनशेजारी, मोटारीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घराशेजारी, उकिडवा बसून त्या चिरांकडे बघत राहिला. आइंडहोवनच्या एका कंपनीत त्याचं काम मोजमापाचं होतं. सिलिकॉनच्या चकतीवरचा थर कुठे किती जाड भरतो, ते सांगायचं. डोळ्यांना दिसेल एवढी चीर त्याच्या खात्यात कधी कुणी पाहिली नव्हती.

"बदलायला हवेत," तो म्हणाला.

"हवेतच. कुठले, ते सांगा. ह्याच मापाचे साधे माझ्याकडे आहेत. तुमची कॉफी पिऊन होईपर्यंत बसवून देतो. नाहीतर जास्त भार झेलणारे, डिलिव्हरीच्या व्हॅनला असतात तसे. ते मागवावे लागतील. दोन आठवडे धरा, कदाचित तीन." योप कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अजून किती वर्षं चालणार, त्यावर आहे."

"कॅराव्हॅन, की मी?" श्रीकांतच्या बायकोनं, मृदुलानं, मोटारीच्या उघड्या खिडकीतून डचमध्ये विचारलं.

योप हसायला गेला आणि हसला नाही. कॅराव्हॅन हिवाळाभर त्याच्याच शेडमध्ये असायची. उन्हाळा संपला की हीच बाई ती मागे घेत घेत शेडच्या अरुंद दारातून आत घालायची. योपला कधी हात दाखवावा लागला नव्हता. आज ती शेजारच्या सीटवर होती. मे महिन्यात तिनं लोकरीची टोपी घातली होती आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. योप हात पुसायला आत गेला.

"संध्याकाळी कळवतो," श्रीकांत त्याच्या पाठीला म्हणाला.

स्वादुपिंडाचा कर्करोग सापडला तेव्हाच तो यकृतात पोहोचलेला होता. एप्रिलमध्ये मृदुलानं केमो थांबवली. त्यांची हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीची डॉक्टर, टायर दाखवायच्या आधीच्या सोमवारी घरी येऊन स्वयंपाकघरात बसली होती. "समुद्रावर जायचं असेल तर ह्या आठवड्यात जा," ती म्हणाली होती. "पुढच्या आठवड्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

समुद्र म्हणजे झेलंडमधलं, वाळूच्या टेकड्यांमागचं एक कॅम्पिंग. मुलगी भार्गवी चालायला लागली तेव्हापासून ती तिघं दर उन्हाळ्यात तिथे जात. मृदुला एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायची. ऑफिसात तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नसेल. पण कॅराव्हॅन तिची. घ्यायची तिनं ठरवली, आणि रविवारच्या रिकाम्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या बादल्या मांडून ती मागे कशी घ्यायची ते तीच शिकली. श्रीकांतनं बादल्यांमागे उभं राहून "ये, ये, बस" म्हणायचं. त्याच्या लायसनवर एवढी कॅराव्हॅन ओढता येत होती. त्यानं ती कधी ओढली नव्हती. आता वेदनेवरच्या औषधाचे पॅच लागल्यापासून मृदुलाला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती.

भार्गवी दुपारच्या गाडीनं एनस्खेडेहून आली. ती तिथे विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होती. वरणभात होईपर्यंत तिनं फोनवर सगळं तपासलं.

"बाबा, आय चेक्ड. साधे टायर्स इनफ आहेत. फुल लोड धरला तरी मार्जिन उरतं."

"किती?"

"इनफ."

"इनफ हा आकडा नाही."

"माझा आकडा घे ना," मृदुला म्हणाली. तिच्या ताटलीत चार घास भात होता, त्यातला एक खाऊन झाला होता. "गेल्या वर्षीपेक्षा मी किती उतरलेय? तेवढं वजा कर. कॅराव्हॅनला ह्या वर्षी आरामच आहे."

"हायवेवर टायर फुटला तर?" श्रीकांत म्हणाला.

"तर काय, मी मरेन?"

ती एकटीच हसली, आणि मग पोट धरून थांबली. भार्गवीनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"आई, माझा एक मित्र आहे. त्याच्या पेरेंट्सकडे कॅराव्हॅन आहे, ऑल द टाइम ड्राइव्ह करतो तो. तो नेईल आपल्याला. मी त्याला आज विचारते."

"नको गं. त्या पोराला कशाला? मला तुझ्या बाबाबरोबर जायचंय."

 भार्गवीनं ताटल्या उचलून सिंकमध्ये ठेवल्या आणि ती वर आपल्या खोलीत गेली.

"जास्त भाराचे घेऊ या," श्रीकांत म्हणाला. "एकदाच करायचं तर नीट करू. सेफ्टीचं आहे."

"तुला टायर नकोयत, श्रीकांत. तुला दोन आठवडे हवेत."

तो टेबलावरची भाताची शितं बोटानं गोळा करत राहिला.

"घाबरतोस म्हण की. मी काय हसणार आहे?"

"हसशील."

"हो, हसेन. मग? तीस वर्षं हसतेय, एवढ्यानं मेलास का कधी?"

"आपण जाऊ ना," तो म्हणाला. "टायर आले की लगेच जाऊ."

मृदुलानं त्याच्याकडे पाहिलं. तिला बसवत नव्हतं. टेबलाच्या कडेवर तिनं दोन्ही कोपरं टेकली होती.

"बरं," ती म्हणाली. "मागव."

त्यानं तिथेच बसून योपला मेसेज केला. पाठवल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे त्याला कळलं. जोवर टायर यायचे होते, तोवर झेलंड पुढे होतं. समुद्र बघून परत आल्यावर पुढे काय असणार, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात मृदुला जिना चढू शकेना. मग पुढच्या खोलीत हॉस्पिटलसारखा पलंग आला, घरी येणारी नर्स आली, आणि औषधाचा छोटा पंप आला. तो पॅचऐवजी नळीतून औषध सोडायचा. भार्गवीनं विद्यापीठाला कळवलं आणि ती राहिली. टायरचा विषय कुणी काढला नाही.

टायर तिसऱ्या आठवड्यात आले. श्रीकांतनं फोनवर "आता घाई नाही" असं म्हटलं.  दुसऱ्या दिवशी योपनं टायर बसवून, कॅराव्हॅन धुऊन, आपल्या गाडीनं ओढत घरासमोर आणून लावली आणि किल्ली पत्रपेटीत टाकून निघून गेला.

मृदुलाला ती पलंगावरून दिसली.

"मला तिच्यात झोपायचंय," ती म्हणाली.

नर्सनं विचार केला आणि हो म्हटलं. खुर्चीत बसवून तिघांनी तिला बाहेर नेलं. खुर्ची अरुंद दारातून जाईना, तेव्हा श्रीकांतनं तिला उचललं. हातांना वजन लागेल म्हणून त्यानं पाय रोवले होते, ते वायाच गेलं. आतल्या बिछान्यावर खिडकीशी तिला झोपवलं. बाहेर समोरच्या घराचं झुडपांचं कुंपण होतं, नीट कापलेलं.

"समुद्र कुठाय?" तिनं विचारलं.

"त्या झुडपांच्या मागे."

"लबाड," ती म्हणाली, आणि तिला झोप लागली.

रात्री भार्गवी आणि श्रीकांत आळीपाळीनं तिच्याजवळ असत. चौथ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा माणूस सायकलवरून आला. गडद निळा गणवेश, छातीवर फोन. रस्त्यावर कॅराव्हॅन तीन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येत नाही, आणि कुणीतरी खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, फोन केला आहे, असं त्यानं सांगितलं. भार्गवी डचमध्ये त्याच्यावर चिडली. तो ऐकत राहिला. मग त्यानं खिडकीतून आत पाहिलं, पंपाची नळी पाहिली आणि एक पाऊल मागे आला.

"हलवायला तर हवी," तो म्हणाला. "कुठे, ते मी लिहून घेत नाही. समोरच्या बाजूला लावली तरी हलवलीच म्हणायची."

"कोण आलंय?" आतून मृदुला.

"खेमेंटेवाले," श्रीकांत म्हणाला. "हलवा म्हणतायत. मी तुला आधी घरात नेतो."

"कशाला? मी असताना हलव."

"चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवता येत नाही."

"विचार त्याला."

त्यानं विचारलं नाही. पण तो माणूस रस्त्याच्या पलीकडे गेला आणि तिथे टेकून ठेवलेल्या एका सायकलचं कुलूप बारकाईनं बघू लागला.

श्रीकांतनं मोटार मागे घेतली. पहिल्यांदा वाकडी आली, दुसऱ्यांदाही. जोडणीचा गोळा खाचेत बसला तेव्हा आवाज झाला. आवाज हवा, हे त्याला ठाऊक होतं. वायर जोडली. सुरक्षेची दोरी अडकवली. भार्गवी आत आईशेजारी बसली आणि तिनं पंप मांडीवर घेतला.

समोरच्या बाजूला तोंड वळवायचं तर गल्लीला वळसा घालावा लागत होता. माणूस चालेल तेवढ्याच वेगानं तो निघाला. शाळेवरून, बस थांब्यावरून. एका वळणावर मागचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं आणि त्याचे खांदे कानांपर्यंत गेले. चौकात डावीकडे हायवेची पाटी होती. तो उजवीकडे वळला. आरशात कॅराव्हॅनची पांढरी बाजू आणि तिचा पडदा सगळा वेळ दिसत होता, आणि त्याला आश्चर्य वाटलं की ती नुसती मागे येते, जिकडे न्यावी तिकडे.

समोरच्या बाजूला त्यानं ती लावली. निळ्या गणवेशातला माणूस निघून गेला होता.

तो उतरून कॅराव्हॅनच्या खिडकीशी आला. खिडकीची फट भार्गवीनं उघडली.

"बघितलेस का टायर?" मृदुलाचा आवाज आला. प्रवासात प्रत्येक थांब्यावर ती असं करायची. कॉफी प्यायच्या आधी खाली वाकून टायरवर तळहात ठेवायची, फार तापलेत का ते बघायला.

श्रीकांत वाकला. नव्या रबरावर कारखान्यातल्या साच्याचे केसासारखे रबरी तंतू अजून तसेच होते. त्यानं तळहात ठेवला. रबर गार होतं. एवढ्याशा अंतरात ते तापत नाही.

"गरम आहेत?"

"आहेत जरासे," तो म्हणाला.

"मग थांबू या थोडं," मृदुला म्हणाली.